मोतिया

गेल्या डिसेंबरात ग्वाल्हेरला जायचा योग आला. निमित्त तानसेन समारोहाचं. रात्री उशिरापर्यंत गाणं ऐकायचं आणि सकाळी शाल गुंडाळून, धुकं निवळायची वाट बघत चहा प्यायचा, असा चार दिवसांचा बेत. उतरले होते लष्कर भागात, एका मैत्रिणीच्या काकूंकडे. जुना वाडा, म्हणजे वाड्याचा उरलेला तुकडा. रस्त्याच्या अंगाला दुकानं झालेली, मागे दोन खोल्या, ओसरी आणि चौक. चौकात तुळशीवृंदावन आणि त्याच्या भोवती अर्धवर्तुळात सात गुलाब.

पहिल्या सकाळी त्या गुलाबांकडे बघतच राहिले. पांढरे म्हणावेत तर पांढरे नव्हेत, पिवळे तर मुळीच नव्हेत. तापवून निवलेल्या दुधावर जी साय धरते ना, तिचा रंग. बाहेरच्या पाकळ्या हस्तिदंतासारख्या आणि कळीच्या पोटात किंचित लिंबाची झाक. सातही झाडं एकाच जातीची. काकू त्यांना ‘मोतिया’ म्हणतात. हिंदीत मोतिया म्हणजे मोगरा, त्यामुळे शेजारणींचा नेहमी घोटाळा होतो. पण काकूंच्या घरात तीन पिढ्या हेच नाव चालत आलंय.

दुसरा चहा ओतताना काकू सहज बोलावं तसं बोलल्या, "मार्चमध्ये वाडा सोडायचा आहे गं. सौदा झाला. मी मुलाकडे पुण्याला जाणार. भांडी वाटून टाकली, कपाटं विकली. आता ह्या सात जणींचं काय करायचं ते सांग."

मी काय सांगणार? मी गोव्याची बाई. आमच्याकडे फूल म्हणजे अबोली, सुरंगी, बकुळ, शेवंती. माळायचं फूल, देवाला वाहायचं फूल. लांब दांड्याचा, टोकदार कळीचा गुलाब म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर प्लास्टिकात गुंडाळलेलं, सत्काराच्या वेळी हातात कोंबलेलं आणि घरी येईपर्यंत मान टाकलेलं ते एक फूल येतं. हे साहेबाचं फूल, आपलं नव्हे, असा माझा पक्का समज होता. काकूंच्या चौकात तो पहिल्यांदा हलला. परत आल्यावर जे वाचलं, शोधलं, ते इथे मांडते आहे.

सुरुवात ग्वाल्हेरपासूनच करू. १५२८ सालच्या सप्टेंबर महिन्यात बाबर ग्वाल्हेरचा किल्ला पाहायला आला होता. मानसिंह तोमराचा महाल त्याने पाहिला, त्याबद्दल लिहिलं, आणि मग त्याचा अधिकारी रहीमदाद ह्याने केलेल्या बागेबद्दलही लिहिलं. त्या बागेत त्याला कण्हेर दिसली. कण्हेर त्याने आधीही पाहिली होती, पण हिचा लाल रंग वेगळा, आल्हादक. गडी इतका खूश झाला की त्यातली काही झाडं त्याने आग्र्याला नेऊन आपल्या बागेत लावली. म्हणजे ग्वाल्हेरच्या बागेतून मनात भरलेलं झाड दुसऱ्या गावी न्यायची प्रथा जवळजवळ पाचशे वर्षांची आहे!

गुलाब त्या मुलखाला नवा नव्हता. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपण मराठीत आणि हिंदीत पाण्याचं नाव फुलाला देऊन टाकलं. ग्वाल्हेरच्या उत्तरेला एटा, हाथरस, अलीगढ ह्या पट्ट्यात आजही गुलाबपाण्यासाठी आणि अत्तरासाठी देशी गुलाबाची शेती होते. ही फुलं लहान, विसविशीत, वासाला दांडगी आणि वर्षातून एकदाच, वसंतात येणारी. पांढऱ्या देशी गुलाबाला तिकडे ‘सेवती’ म्हणतात. अकबराच्या दरबारातल्या अबुल फज़लने फुलांच्या यादीत सेवतीची नोंद केलेली आहे. आपली शेवंती निराळी, सेवती निराळी. काकूंच्या सासूबाई कोकणातून लग्न होऊन ग्वाल्हेरला आल्या तेव्हा माळणीकडे शेवंती मागायच्या आणि माळीण सेवती घेऊन यायची. हा विनोद घरात अजून सांगतात.

आता मराठी माणूस इथे कसा पोचला ते बघू. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून राजधानी हलवली आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ दिला. तळ उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे झाले, बाजार झाले, देवळं झाली आणि गावाचं नावच लष्कर पडलं. आजही तिथल्या फालका बाजार, शिंदे की छावनी ह्या नावांमध्ये मराठी पाऊल उमटलेलं दिसतं. ह्यात आमच्या गोव्याचाही वाटा आहे बरं का! त्याआधीच्या पिढीत महादजींचे सेनापती जिवबादादा बक्षी हे मूळचे केरकर, गोव्यातल्या केरी गावचे. १७९६ मध्ये ते वारले. लखबादादा लाड हेही शेणवीच. कुठे केरीची नारळी-पोफळी आणि कुठे चंबळच्या दऱ्या! पण माणसं गेली, लढली, आणि काहींची वंशवेल तिथेच रुजली.

१८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी जयविलास महाल बांधून पुरा केला. स्थापत्यकार मायकेल फिलोज. त्याचं घराणं मूळचं इटलीतल्या नेपल्सचं, पण पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत मुरलेलं. १८७६ मध्ये इंग्लंडचा युवराज ह्या महालात पाहुणा आला. युरोपीय धर्तीचे महाल आले की त्यांच्यापुढे हिरवळी येतात, कारंजी येतात आणि रेखीव वाफे येतात. १८८१ मध्ये आग्र्याहून ग्वाल्हेरपर्यंत रेल्वे आली. गुलाबाचं झाड हिवाळ्यात माती झाडून, मुळांना ओलं शेवाळ गुंडाळून आगगाडीने दूर पाठवता येतं. महालातल्या माळ्याने चार फांद्या आपल्या घरी लावल्या की त्या सरदारांच्या वाड्यात आणि तिथून कारकुनांच्या चौकात जायला असा कितीसा वेळ लागणार?

पण लांब दांड्याचा, बारमाही आणि सायीच्या रंगाचा हा गुलाब मुळात आला कुठून? खरी गंमत इथे आहे.

युरोपातले जुने गुलाब आपल्या देशी गुलाबासारखेच वर्षातून एकदा फुलणारे. वारंवार फुलायचा गुण चीनमधल्या गुलाबांत होता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज कंपनीच्या जहाजांतून कँटनचे गुलाब पश्चिमेकडे निघाले. लांबचा प्रवास, खारं वारं. झाडं वाटेत मरायची. म्हणून १७८७ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या कंपनी बागेत त्यांना विश्रांती देऊन पुढे पाठवण्याची सोय होती. १८०९ मध्ये फिकट गुलाबी आणि १८२४ मध्ये फिकट पिवळा, असे दोन चहाच्या वासाचे चिनी गुलाब इंग्लंडला पोचले. त्यांच्यापासून जी प्रजा झाली ते ‘टी’ गुलाब. नाजूक, मान लवलेले, थंडीला भिणारे. त्यांचा युरोपातल्या दणकट गुलाबांशी संकर करून १८६७ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरी गियो नावाच्या बागाईतदाराने ‘ला फ्रान्स’ काढला. हायब्रिड टी म्हणजे टी-संकरित गुलाबांची गणना तिथून करतात. पुढे इंग्लंडात हेन्री बेनेट ह्या गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्याने मनाशी म्हटलं, वळू आणि गाय निवडून जसा गोऱ्हा पैदा करतात तसंच गुलाबाचं का करू नये? त्याने आईबाप ठरवून संकर केले. त्याच्या १८८२ च्या ‘लेडी मेरी फिट्झविल्यम’चं रक्त घेऊन जर्मनीतल्या पेटर लाम्बर्टने १८९१ मध्ये सायीच्या रंगाचा, भरगच्च पाकळ्यांचा एक गुलाब बाजारात आणला. नाव दिलं त्यांच्या सम्राज्ञीचं, ‘कैसरिन ऑगस्ट व्हिक्टोरिया’.

एवढं वाचून मला वाटलं, झालं! चीन, फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी. म्हणजे माझाच समज खरा, हे साहेबाचंच फूल. पण मग एक जुनी हकिकत हाती आली. १८८२ मध्ये, बेनेटने आपला गुलाब विकायला काढला त्याच साली, जॉर्ज वॉट नावाचा अधिकारी ब्रह्मदेश आणि मणिपूर ह्यांची हद्द आखणाऱ्या तुकडीबरोबर मणिपूरच्या डोंगरात हिंडत होता. तिथे त्याला रानात एक प्रचंड वेल-गुलाब सापडला. झाडांच्या शेंड्यापर्यंत चढलेला, तळहाताएवढ्या फुलांचा. फुलांचा रंग? सायीचा! काही वर्षांनी कॉलेट नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याला तोच गुलाब ब्रह्मदेशातल्या शान टेकड्यांत मिळाला. १८८८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं ‘रोझा जायगँटिया’, म्हणजे राक्षसी गुलाब. मणिपूर, उत्तर ब्रह्मदेश आणि चीनचा युनान हा त्याचा मुलूख. आणि ते चहाच्या वासाचे चिनी गुलाब ह्याच रानगुलाबाच्या आणि बारमाही चिनी गुलाबाच्या संबंधातून झालेले! लांब पाकळी, टोकदार कळी, चहासारखा वास आणि तो सायीचा रंग, हा सगळा वारसा ह्या रानवटाचा.

म्हणजे बघा, आपल्याच ईशान्येच्या डोंगरातला रंग चीनमार्गे, कलकत्त्याला मुक्काम करून युरोपात गेला, तिथे शिकूनसवरून, नाव बदलून, बोटीने आणि आगगाडीने ग्वाल्हेरच्या चौकात परत आला. आता ह्याला परका म्हणायचं की घरचा?

काकूंचा मोतिया नेमका कोणता? चिठ्ठी केव्हाच हरवली. पण घरात एक खूण पक्की आहे: पहिलं झाड संमेलनाच्या साली लावलं. संमेलन म्हणजे १९६१ चं ग्वाल्हेरचं मराठी साहित्य संमेलन. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेल्या पहिल्या स्त्री. गाव तसं मराठी कवितेला सरावलेलं, राजकवी भा. रा. तांबे ह्याच ग्वाल्हेरचे. त्या दिवसांत सासूबाईंच्या भावाने कुठूनसं हे रोप आणून दिलं होतं.

साल मिळालं की इतिहासाचं काम निम्मं होतं. आज सायीच्या रंगासाठी लोक ‘पास्काली’ किंवा ‘एलिना’ लावतात. पण ‘पास्काली’ १९६३ चा आणि ‘एलिना’ १९८४ चा, दोघेही बाद. राहिला जगप्रसिद्ध ‘पीस’. त्याची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लियाँजवळच्या मेयाँ घराण्यातल्या फ्रान्सिस नावाच्या तरुणाने तो १९३५ च्या संकरातून काढला. महायुद्ध पेटण्याच्या सुमाराला त्याने काड्यांची पुडकी जर्मनी, इटली आणि अमेरिकेला रवाना केली. मग सरहद्दी बंद झाल्या. कुणाच्या हाती काय पोचलं ते कळायला मार्ग नाही. युद्ध संपतासंपता समजलं की गुलाब सगळीकडे जगलाय! फ्रान्समध्ये त्याला फ्रान्सिसच्या आईचं नाव होतं, इटलीत ‘जोइया’ म्हणजे आनंद, जर्मनीत ‘ग्लोरिया डेइ’. अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी त्याचं नाव जाहीर झालं, ‘पीस’, शांती. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या सभेसाठी जमलेल्या शिष्टमंडळांच्या प्रमुखांना त्याचं एकेक फूल देण्यात आलं. पण ‘पीस’च्या पिवळसर सायीला गुलाबी किनार असते, आणि काकूंच्या फुलाला किनारीचा मागमूस नाही. पाकळ्या मोजल्या तर शंभराच्या घरात. माझा कौल म्हणून त्या जर्मन सम्राज्ञीकडे. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "असेल बाई. सासूबाई तिला सोवळ्यातली राणी म्हणायच्या."

ह्या सोवळ्यातल्या राणीची गोष्ट मी शेवटच्या दिवशी ऐकली. सासूबाई विशीतच विधवा झाल्या होत्या. पदरात एक मुलगा. फुलांची विलक्षण आवड, पण माळायची सोय नाही. हळदीकुंकवाला बसायची सोय नाही. रंगीत फूल हातात घेतलं तरी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या भुवया वर जायच्या. आपल्याकडचं प्रत्येक फूल कुठे जायचं ते ठरलेलं: देवाच्या माथ्यावर किंवा सवाशिणीच्या केसांत. ह्या दोन्हीत न बसणारं फूल घरात आलं ते ह्या गुलाबाच्या रूपाने. लांब दांडा, एका दांड्यावर एकच कळी. गजऱ्यात ओवता येत नाही, वेणीत गुंफता येत नाही. पाण्यात उभं करून नुसतं बघायचं फूल. त्यात रंग असा की कुणी नावं ठेवायची नाहीत. सासूबाईंनी तांब्याच्या छोट्या लोट्यात एक कळी ठेवून तो लोटा आपल्या बिछान्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला. कुणी काही बोललं नाही. मग दर हिवाळ्यात तो कोनाडा भरलेला राहिला.

काकू म्हणाल्या, "मी नवी नवरी होते तेव्हा विचारलं, लाल का नाही लावत? तर म्हणाल्या, लाल तू लाव. तुझ्यासाठी जागा ठेवली आहे. मी लावला नाही. तेव्हा लावला नाही आणि आता ह्यांच्या माघारी लावावासा वाटत नाही."

ह्यावर मी काही बोलले नाही. आपण ज्याला विलायती थाट म्हणून नाकं मुरडतो, त्या फुलदाणीतल्या एकट्या फुलाने एका बाईला काय दिलं असेल, ते मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

आता थोडं मशागतीबद्दल, कारण काकूंचं खरं पांडित्य तिथे आहे. ग्वाल्हेरात उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यात पारा पार खाली उतरतो. पाऊस आपल्या गोव्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नाही. गुलाबाला हे उलट मानवतं. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात छाटणी. काकू दसऱ्याला सुरी धारेला लावून आणतात. मेलेल्या, आत वळलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढायच्या. उरलेल्या निम्म्यावर आणायच्या. काप तिरका आणि बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, म्हणजे नवी फूट बाहेर जाते आणि झाडाच्या पोटात हवा खेळते. कापावर बोर्डोचं मलम, नाहीतर फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येते. मग आळं उकरून आठवडाभर मुळांना ऊन, त्यानंतर कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. ग्वाल्हेरच्या मातीत वाळवीचा उपद्रव फार, त्यामुळे कच्चं शेण चुकूनही घालायचं नाही. छाटणीपासून पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी पहिली फुलं. हिशोब बरोबर डिसेंबरात येतो आणि संक्रांतीला बहर भरात असतो.

मोतिया रंगाचे लाड वेगळे. लाल फुलावर जे लपतं ते ह्याच्यावर लपत नाही. फुलकिडे कळीत शिरले की पाकळ्यांच्या कडा चहाचा डाग पडावा तशा तपकिरी होतात. फार धुकं पडलं आणि पाकळ्या ओल्या राहिल्या की बुरशीचे गुलाबी ठिपके उठतात. म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यायचं, फुलावर थेंब पडू द्यायचा नाही. धुक्याच्या दिवसांत काकू कळीवर कागदाची टोपी घालतात. सात झाडांवर वर्तमानपत्राच्या टोप्या. लांबून बघितलं तर शाळेची रांगच! आणि रंगाचं म्हणाल तर तो थंडीचा मिंधा. गारठ्यात फूल सावकाश उमलतं, तेव्हा साय दाट धरते. मार्चचं ऊन लागलं की तेच झाड पांढरंफटक फूल देतं.

फूल काढायचं पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. बाहेरच्या एकदोन पाकळ्या सुटल्या असाव्यात, मधला शंकू मिटलेला असावा. फार मिटलेली कळी तोडली तर ती तशीच मान टाकते. ह्या जातीत पाकळ्या जास्त, त्यामुळे ती जरा उमलूच द्यावी लागते. दांडा पाण्याखाली धरून पुन्हा तिरका कापायचा, खालची पानं काढायची आणि तीनचार तास खोल पाण्यात, अंधाऱ्या गार जागी ठेवायचं. मग मांडणी. प्रदर्शनवाले पाकळ्या ब्रशाने सारख्या करतात, बाहेरची वेडीवाकडी पाकळी खुडून टाकतात. काकूंच्या घरी तसलं काही नाही. तांब्याचा लोटा, एक फूल, त्याची दोन पानं. हा रंग तांब्याशेजारी उजळतो. काचेत फिका पडतो आणि स्टीलमध्ये मेल्यासारखा दिसतो, हे त्यांचं म्हणणं मी घरी करून पाहिलं. खरं आहे.

आता सात झाडांचं काय? मी म्हटलं, मुळासकट उपटून ट्रकात घालू. काकू हसल्या. "अगं, हे झाड काही सासूबाईंचं नव्हे. ते केव्हाच गेलं. ह्यांच्यावर मी तीनदा डोळे भरले आहेत. झाड दहाबारा वर्षांचं, डोळा मात्र तोच."

गुलाबाची ही जात बियांतून तशीच उतरत नाही आणि स्वतःच्या मुळांवर फारशी जोर धरत नाही. म्हणून देशी खुंट लावायचा, उत्तरेत बहुधा ‘एडवर्ड’ नावाच्या गुलाबी गुलाबाचा. त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची आणि मोतियाचा एक डोळा, नखाएवढ्या सालीसकट, आत सरकवून पट्टीने बांधायचा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिकडचा हंगाम. तीनचार आठवड्यांत डोळा फुगतो. मग खुंटाचा वरचा भाग छाटायचा. मात्र जन्मभर लक्ष ठेवावं लागतं. जोडाच्या खालून खुंटाचा फुटवा आला की तो मुळाशी ओढून काढायचा. "खुंट मातला की मोतिया जातो," काकू म्हणाल्या. "आणि गेलेला कळतसुद्धा नाही, कारण झाड हिरवंच असतं. फूल येतं तेव्हा कळतं, हे दुसरंच आहे."

बोलताबोलता विषय पुण्यावर आला. काकूंच्या मराठीत हिंदीचे शब्द सहज येतात. माळी ‘छुट्टीवर’ असतो, भाजी ‘ताजी-ताजी’ असते. "पुण्यात माझ्या मराठीला हसतात गं," त्या म्हणाल्या. "इथे आम्ही दोनशे वर्षं सांभाळली, हिंदीच्या मधोमध. गणपती केले, दिवाळी अंक मागवले, पोरांना बाराखडी घरी शिकवली. आणि तिकडची सून म्हणते, आई, तुमची भाषा कशी वेगळीच वाटते."

मी गोव्यात मराठीत लिहिणारी बाई. ‘तुमची मराठी जरा वेगळीच हं’ हे मीही पुण्या-मुंबईत ऐकलं आहे, घरी कोकणी बोलते म्हणूनही ऐकलं आहे. त्यामुळे काकूंचं दुखणं मला समजावून सांगायची गरज नव्हती. डोळा तोच असला तरी खुंट, माती आणि थंडी बदलली की रंगात फरक पडणार. त्यात झाडाची चूक काय?

निघायच्या दिवशी पहाटे काकूंनी नुकतंच फूल गळालेल्या चार फांद्या कापल्या. पानं काढली, देठ राखले, ओल्या फडक्यात गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधली. "चार दिवस काही होत नाही," म्हणाल्या. फेब्रुवारीत त्यांनी अशाच काड्या पुण्याला पाठवल्या आणि मुलाच्या सोसायटीतल्या माळ्याकडून बारा खुंटांवर डोळे भरून घेतले. सात धरले. सात गेले, सात आले! मार्चअखेर वाड्याची किल्ली देताना जुनी झाडं त्यांनी तशीच राहू दिली, पाणी घालून.

माझ्याकडे शेजारच्या म्हाताऱ्या माळ्याने देशी गुलाबावर सहा डोळे भरले. दोन धरले. एप्रिलात पहिलं फूल आलं ते लहान आणि पांढरंशुभ्र, सायीचा पत्ता नाही. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून एक झाड पार बोडकं झालं. कुंड्या वळचणीखाली ओढल्या तेव्हा कुठे जगली. मी रडवेली होऊन काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दसऱ्याला छाट. आणि थंडी पडू दे."

गोव्यात कसली आलीय थंडी! पण छाटणी केली. आज पाहिलं तर एका झाडाला कळी आहे, वाटाण्याएवढी. तांब्याचा लोटा चिंच लावून घासून ठेवला आहे.